फुटका मणी, वाकडी मान

परवा भिशीत सगळ्या मागे लागल्या, "कुंदाताई, हिमाचल पाहून आल्या, सांगा ना कसं होतं!" आता काय सांगू? डोंगर होते. देवदार होते. दूर कुठेतरी बर्फ होता म्हणे. मी खरं सांगते, परतीला निघेपर्यंत मला त्यातलं काही दिसलंच नाही. माझ्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि माझा सगळा जीव त्या डब्यात होता. तरी ज्यांनी तीर्थन नदीचं खोरं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. यात बर्फ कमी आणि धाकधूक जास्त आहे, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नागपूर, निघण्याआधी

आम्ही राख्या करतो. मी, माझी धाकटी जाऊ प्रमिला आणि गल्लीतल्या चार-सहा जणी. गांधीबागेतून जर, रेशीम आणि मणी आणायचे, आणि आमच्या माडीवरच्या खोलीत लांब टेबलाभोवती बसून बांधायच्या. त्या टेबलाचे दोन कायदे आहेत. फुटका मणी दिसला की लगेच डबीत वेगळा टाकायचा, कारण त्याची धार दोरा कापते आणि अख्खी राखी वाया जाते. आणि टेबलाजवळ पाणी आणायचं नाही. एक थेंब पडला तरी कच्चा रंग पसरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घसा कितीही कोरडा पडो, बायका उठून गॅलरीत जातात आणि तिथे पाणी पितात. कोणी नवी बाई बाटली घेऊन आत आली की सगळ्या एका सुरात ओरडतात, "पाणी दूर ठेव वं!" याच दोन कायद्यांनी आमचा घात केला, पण ते पुढे.

मागच्या राखीच्या सुमाराला नागपूरचं एक कुटुंब हिमाचलात फिरायला गेलं होतं. तिथल्या गेस्ट हाउसचे मालक रूपचंदजी पाहुण्यांना नदीवर ट्राउट मासा धरायला नेतात. त्यांना त्या कुटुंबातल्या एकाच्या मनगटावर आमची राखी दिसली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "इतना बारीक कौन बाँधता है?" मग आमचा नंबर गेला, फोन आला, कुरिअर आलं.

काम असं होतं. ट्राउट पाण्याखालचे बारीक किडे खातो. गळावर दोरा, कोंबड्याच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची तार गुंडाळून तसाच खोटा किडा बनवायचा. त्याला निम्फ म्हणतात. आकार तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा. बाहेरून मागवले तर महाग पडतात म्हणून त्यांना इथलेच हवे होते. आम्ही पाठवलेले साधे निम्फ त्यांना आवडले. संक्रांत झाल्यावर त्यांनी तीन पाकिटं नवे गळ पाठवले आणि एक मण्यांची पिशवी. म्हणाले, आता पाहुणे जिग हुकच मागतात, तिन्ही पाहा, त्यातला एक निवडा आणि त्यावर बांधून पाठवा.

पाकिटं उघडली आणि माझं तोंड उतरलं. जिग हुक म्हणजे दोरा ओवायच्या डोळ्याजवळ मान वाकवलेला गळ. त्यात याला टोकाजवळचा उलटा काटाही नव्हता. मण्यांचं तर बोलूच नका. राखाडी, ओबडधोबड आणि प्रत्येकाला एका बाजूने खाच. वाकडी मान, मोडका काटा, फुटका मणी! मला वाटलं, त्या बिचाऱ्या भल्या माणसाला कोणीतरी बाद माल गळ्यात मारला. तोंडावर कसं सांगायचं म्हणून मी गप्प राहिले. खाचेचे मणी टेबलाच्या कायद्याप्रमाणे फुटक्यांच्या डबीत गेले. तीन पाकिटांतला ज्याची मान सगळ्यात कमी वाकडी होती तो जाड, चकचकीत गळ मी निवडला, कारण त्यावर आमचे राखीचे पितळी गोल मणी नीट बसत होते. काय सुंदर दिसत होते ते निम्फ! पुठ्ठ्यावर ओळीने लावले तर नजर लागावी असे. आम्ही डबा भरून पाठवला.

आणि होळीनंतर फोन आला. "दीदी, नीचे अटक रहा है. मछली नहीं लग रही." मी विचारलं, मग आता? रूपचंदजी म्हणाले, "आप लोग खुद आके नदी देख लो, फिर हुक चुनो. फिर देखते हैं."

आमच्याकडे कोणी 'पाहू' म्हटलं की समजायचं, नाही.

धाकधूक स्वतःसाठी नव्हती. माझं भागतं. प्रश्न प्रमिलाचा होता. ती कळमेश्वरच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती, दिवसभर उभं राहायचं काम. मागच्या वर्षी धंतोलीतल्या दवाखान्यात तिच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने बजावलं, यापुढे तासन् तास उभं राहायचं नाही. राखीचं काम बसून होतं, पण राखी झाली की हात रिकामे. माझे दीर गाडी चालवतात, ते आठवड्यातले चार दिवस घरी नसतात, आणि लेक नर्सिंगला आहे. हे निम्फचं काम मिळालं तर वर्षभर बसून करता येईल, असं मीच तिला सांगितलं होतं. मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. आता फॅक्टरीतल्या सुपरवायझर बाईंचा निरोप आला होता की जागा रिकामी आहे, यायचं असेल तर सोमवारी दुपारपर्यंत कळव, नाही तर दुसरीला घेतो.

"मंग मी येतो तुमच्यासंगं हिमाचलले," प्रमिला म्हणाली. "सोमवारचं सोमवारी पाहू."

"कमरेले धक्के बसतील वं."

"उभं राहण्यापेक्षा बसून बसलेले धक्के बरे, ताई."

दिल्लीहून पुढे

रेल्वेचं काही सांगत नाही, रेल्वे सगळ्यांना माहीत आहे. दिल्लीला बस धरली. दशम्या, ठेचा, चिवडा आणि रूपचंदजींसाठी संत्रा बर्फी, असा सगळा संसार पायाशी आणि डबा मांडीवर. डब्यात तिन्ही पाकिटं, बांधलेले नमुने, दोरे, आणि ती फुटक्या मण्यांची डबीसुद्धा. ज्याचा माल त्याला परत द्यावा म्हणून प्रमिलाने ती घेतली होती.

संध्याकाळी बस चहाला थांबली तेव्हा मी नमुने तपासायला डबा उघडला. नको तेव्हा नको ते करायची मला खोडच आहे. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी दचकले आणि एक गळ उडून शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या स्वेटरवर जाऊन बसला, बरोबर खांद्यावर. गृहस्थ गाढ झोपलेले. माझी पाचावर धारण बसली. कारण मागे सरावासाठी आणलेला एक साधा गळ माझ्या अंगठ्यात रुतला होता. त्याच्या उलट्या काट्यामुळे तो निघेना. शेवटी धंतोलीत डॉक्टरने भूल देऊन काढला आणि वर विचारलं, "राखी करता करता मासा झाल्या का?"

"प्रमिले, आता काय करू वं? याले उठवू का?"

प्रमिलाने माझ्यावरून हात लांब केला, गळ दोन बोटांत धरला आणि अलगद मागे घेतला. तो निघून आला. लोकरीचा एक धागासुद्धा उसवला नाही. गृहस्थांनी नुसतं घोरण्याचा सूर बदलला.

"काटा मोडका आहे म्हणून निघाला," मी म्हटलं.

"मोडका नसन ताई," ती गळ उजेडात धरून म्हणाली. "मुद्दाम ठेवला नसन."

तेव्हा मी तिचं ऐकलं नाही. मला तो बाद मालच वाटत होता.

तीर्थन, शनिवार

सकाळी औट गावाला उतरून जीपने वर गेलो. नदी रस्त्याच्या शेजारून पळत होती आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये फॅनची हवा गरम लागते, तर इथे मी शालीत दात वाजवत होते. पाणी काचेसारखं. खालचा एकेक दगड मोजावा असा. प्रमिला म्हणाली, "किती साजरं आहे वं बाई!" मी म्हटलं, "दगडच दगड आहेत. आपला गळ यातच अडकून राहिला."

रूपचंदजी साठीच्या आसपासचे, उंच, डोक्यावर हिरव्या पट्टीची टोपी. बोलायला फार कमी. माझ्यासारख्या घाबरटाला कमी बोलणारा माणूस म्हणजे शिक्षाच. त्यांच्या बायको, भाभीजी, त्यांच्या अगदी उलट. त्यांनी आम्हाला चुलीशी बसवलं आणि सिड्डू वाढले. सिड्डू म्हणजे कणकेचा वाफवलेला रोडगाच समजा, आत अक्रोडाचं सारण, आणि वरून इतकं तूप की आपल्याकडे चार जणांचं वरण झालं असतं. मी ठेचा काढला. भाभीजींनी बोटभर चाखला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी पुन्हा मागितला. बाई आपली निघाली.

खाऊन झाल्यावर रूपचंदजींनी आमचा एक निम्फ तळहातावर घेतला. पितळी मण्यावर नख फिरवलं. "ये मोती कहाँ से?"

मनाचा हिय्या केला. म्हटलं, आता सांगायलाच हवं. मी फार हळुवारपणे, त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगितलं की भाईसाब, तुम्हाला मणीवाल्याने फसवलं, सगळे मणी फुटके निघाले, हा घ्या तुमचा माल, आणि काळजी करू नका, आम्ही आमच्याजवळचे चांगले मणी लावले.

रूपचंदजी माझ्याकडे पाहत राहिले. मग डबीकडे. मग उठून आत निघून गेले.

"गेलं!" मी प्रमिलाचा हात घट्ट धरला. "गेलं सगळं. अपमान झाला त्यांचा. तू काहून बोलू दिलं मले?"

"तुमी कधी माझं ऐकता, ताई?"

रूपचंदजी परत आले ते पाण्याने भरलेली बादली घेऊन. बादली आमच्यासमोर ठेवली. आमच्या निम्फला बारीक नायलॉनचा धागा बांधला आणि पाण्यात सोडला. तो तरंगत तरंगत खाली गेला आणि तळाशी आडवा पडला, टोक खाली. त्यांनी धागा जरा ओढला तर टोक बादलीला खर्र करून घासलं. मग त्यांनी खिशातून आपला एक निम्फ काढला, बाहेरून मागवलेला. त्यालाही तसाच खाचेचा राखाडी मणी होता, आणि मान आमच्याहून जास्त वाकडी. तो पाण्यात गेला तसा दगडासारखा खाली निघाला, आणि जाता जाता, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, उलटा झाला. मणी खाली, टोक वर. तळाशी ओढला तरी कुठे घासला नाही.

खाच मुद्दाम होती. वाकडी मान त्या खाचेतच बसते, जड टंगस्टनचा मणी तिथे बसला की गळ उलटतो, आणि उलटला की दगडांत अडकत नाही. फुटका मणीच खरा मणी होता. भाभीजी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रमिला मात्र बादलीतच पाहत होती. हळूच म्हणाली, "ताई, आपण याले एकदाही पाण्यात टाकून नाही पाहिलं."

खरंच की! पाण्यातली वस्तू, आणि इतके महिने आम्ही तिला पाण्यापासून जपत होतो. एखादी बाई चुकून पाणी घेऊन जवळ आली असती तर आम्ही तिलाच रागे भरलो असतो. सवयीने माणूस आंधळा होतो तो असा.

मी रूपचंदजींना म्हटलं, "फिर से बाँधते हैं. कल. परसों नदी पे."

ते म्हणाले, "देखते हैं."

रविवार, ओसरीवर

दिवसभर आम्ही ओसरीवर बसून बांधत होतो. प्रमिला पाठीला उशी लावून, कमरेचा पट्टा घट्ट करून. मधेच भाभीजी वरच्या देवळात घेऊन गेल्या. तिथे चामड्याचं काही आत न्यायचं नाही, माझी पर्ससुद्धा बाहेर राहिली. आपल्याकडे नुसत्या चपला बाहेर ठेवतात. मी देवापुढे हात जोडले, पण मनात पर्स आणि डबा, दोन्ही. देवाला काय कळलं असेल ते असो.

आता पहिलं चकचकीत पाकीट बाद झालं होतं, कारण खाचेचा मणी त्याच्या मानेवर बसतच नव्हता. राहिली दोन. दोन्हींची मान सारखी वाकडी, दोन्ही बादलीत सारखेच उलटत होते. फरक तारेत होता. एकाची तार बारीक, टोक सुईसारखं. दुसऱ्याची तार थोडी जाड, पोट रुंद, दिसायला काहीसा गावठी.

मला बारीकच आवडला. बारीक तारेवर किडा नाजूक दिसतो, आणि नाजूक काम हीच तर आमची ओळख. शिवाय टोक लवकर रुतेल. प्रमिलाने दोन्ही गळ नखाने वाकवून पाहिले. बारीक गळ जरासा लवला. "हा राखीले बरा," ती म्हणाली. "मासा काही भाऊ नाही, ताई. तो ओढणार."

"केवढासा मासा अन् केवढी त्याची ओढ! मी सांगतो ते ऐक."

मी मोठी जाऊ. तिने ऐकलं. दिवसभर बारीक गळावर बांधत राहिली. संध्याकाळी शेवटी शेवटी तिने आपल्याच मनाने काही जाडवर बांधले, आणि त्यात आणखी एक केलं. पाण्यात गळ उलटतो तर किड्याची काळी पाठ टोकाच्या बाजूला हवी, नाही तर माशाला किडा पोट वर करून दिसेल, असं म्हणून तिने पाठ उलट्या बाजूला बांधली. मी म्हटलं, नसतं डोकं लावू नको. मनात मात्र वाटलं, हे मला का सुचलं नाही?

रात्रीच्या जेवणात राजमा होता. मी नुसते दाणे मोजत बसले. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात ते उगीच नाही.

सोमवार, नदीवर

मासे धरायचा परवाना रूपचंदजींनी काढून ठेवला होता. सकाळी निघण्याआधी बादलीत सगळे निम्फ एकेक करून सोडून पाहिले. सगळे उलटले. मग आम्ही पुलाखाली गेलो. प्रमिलाला एका सपाट दगडावर बसवलं. मी बसले नाही. मला बसवतच नव्हतं.

रूपचंदजी गुडघाभर पाण्यात उभे राहून गळाच्या काठीने धागा प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकत, तो पाण्याबरोबर येऊ देत, पुन्हा फेकत. आमचा बारीक तारेचा निम्फ बांधला होता. अडकत नव्हता, एवढं समाधान. पण लागतही काही नव्हतं. उन्हं वर आली. भाभीजींनी थर्मासमधला चहा दिला, तो माझ्या हातात गार झाला.

तेवढ्यात प्रमिलाचा फोन वाजला. पुलाजवळ रेंज येते. कळमेश्वरच्या सुपरवायझर बाई. मी प्रमिलाकडे पाहिलं आणि हाताने खुणा केल्या. थांब म्हण. संध्याकाळी सांगते म्हण. नाही तर सरळ हो म्हण बाई, हो म्हणून टाक!

प्रमिला दगडावरून उठली नाही. "मॅडम, मी नाही येत आता," ती म्हणाली. "उभं राहणं होत नाही मले. दुसरीले घ्या तुमी." आणि फोन ठेवला.

मला चक्कर यायची राहिली. "काय केलं वं हे! अजून एक मासा लागला नाही! त्यांनी हो म्हटलं नाही!"

"सकाळी बादलीत पाहिलं ना तुमी? सगळे उलटले. मले पुरे झालं तेवढं."

"पुरे काय! बादलीत मासा होता का वं?"

ती हसली. मला रडू येत होतं. तिचं काय, ती तरुण आहे, तिला हसू येतं. तिच्या लेकीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, दिरांचा आला. आणि हे सगळं माझ्या मोठ्या तोंडामुळे. मी देवळातल्या देवाला म्हटलं, कालची पर्स विसर, आज लक्ष दे.

देवाने बहुतेक ऐकलं, कारण त्याच क्षणी काठी वाकली. रूपचंदजींनी हात उचलला, पाण्यात चांदीसारखं काहीतरी चमकलं, धागा ताणून वरच्या दिशेला निघाला. "लागला! लागला वं प्रमिले!" मी नाचायचीच राहिले. मासा मोठा होता. दगडाआड घुसला, परत आला, पुन्हा घुसला. आणि एकदम काठी सरळ झाली. धागा सैल.

रूपचंदजींनी धागा गोळा केला, गळ पाहिला आणि चालत आमच्याकडे आले. हात पुढे केला. त्यांच्या तळहातावर माझा नाजूक, सुंदर, बारीक तारेचा गळ होता. माशाने तो उघडून टाकला होता. टाचणीसारखा सरळ.

मी शेवटी बसले, ओल्या दगडावर, साडीसकट. मीच निवडला होता. तिने सांगितलं होतं तरी मीच.

प्रमिलाने डबा उघडला. कोपऱ्यातून जाड तारेवरचा, उलट्या पाठीचा एक निम्फ काढला आणि दोन्ही हातांनी रूपचंदजींपुढे धरला. "ये देखो भैयाजी. ये वाला." त्यांनी तो उलटा करून पाठ पाहिली. भुवई जरा वर गेली. बांधला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. मी डोळे मिटून घेतले होते. प्रमिलाने माझ्या दंडाला चिमटा काढला तेव्हा उघडले. काठी पुन्हा वाकली होती. या खेपेला मासा तसाच घुसला, तसाच परत आला, पण काठी वाकलेलीच राहिली. रूपचंदजींनी हळूहळू त्याला कडेच्या संथ पाण्यात आणलं, जाळीत घेतलं. पिवळसर अंगावर लाल-काळे ठिपके, आणि वरच्या ओठात आमचा किडा. प्रमिलाच्या हातचा.

मी म्हटलं, आता घरी नेतील, भाभीजी तळतील. पण रूपचंदजींनी ओल्या बोटांनी गळ धरून मागे केला. तो स्वेटरमधून निघाला होता तसाच अलगद निघाला. त्यांनी माशाला पाण्यात धरलं, तो जरा शुद्धीवर आला आणि एका झटक्यात निघून गेला.

"सोडून दिला?" प्रमिला ओरडली. "सोडायचाच होता तं पकडला काहून?"

भाभीजींना मराठी कळली नसावी, पण चेहरा कळला. त्या म्हणाल्या की इथे असंच करतात, म्हणून तर गळाला उलटा काटा नसतो. आपल्याकडे तलावावर मासे धरणारे ढीवर भाऊ हे पाहतील तर म्हणतील, या माणसाला झपाटलं आहे. मला मात्र त्या क्षणी तो मासा गेला याचंच बरं वाटलं. त्याने आमचं काम केलं होतं.

रूपचंदजी पाण्यातून बाहेर आले. जाड तारेचा गळ उन्हात धरून पाहिला. तसूभरही वाकला नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आता 'देखते हैं' म्हणाले तर मी तिथेच नदीत बसणार होते.

ते माझ्याकडे वळलेच नाहीत. प्रमिलाला विचारलं, "महीने में ऐसे कितने दे पाओगी?"

माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "देखते हैं!"

प्रमिलाने मला कोपर मारलं. "जितने बोलोगे उतने," ती म्हणाली. "बैठ के करूँगी."

नागपूर, परत आल्यावर

परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदा नीट खिडकीबाहेर पाहिलं. डोंगर होते. देवदार होते. बर्फ खरंच होता.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बायका कामाला आल्या. खाचेच्या मण्यांची डबी टेबलाच्या मधोमध ठेवली. फुटक्यांची वेगळी, यांची वेगळी, आणि दोन्हींत गफलत होईल या भीतीने मी दर तासाला दोन्ही उघडून पाहते, ते सोडा. जाड तारेचं पाकीट प्रमिलासमोर होतं. ती पाठीला उशी लावून बसली होती. पहिला निम्फ बांधून झाला, तिने गाठ मारली, दोरा तोडला, आणि मान वर न करता हाक मारली, "कोणी पाणी आणा वं इकडे."

सगळ्या जणी हातातलं काम टाकून तिच्याकडे पाहायला लागल्या. कोणी हलेना. शेवटी मीच उठले, माठातून वाटीभर पाणी आणलं आणि जन्मात पहिल्यांदा त्या टेबलावर ठेवलं. प्रमिलाने निम्फ धाग्याला बांधून वाटीत सोडला. खाली जाता जाता तो उलटला.

"झालं," ती म्हणाली, आणि बसल्या जागेवरून दुसरा गळ उचलला.